तिन्हीसांजा आणि रुसलेल्या कोंबड्या

मैत्रिणींनो, दिवेलागणीच्या वेळी तुम्ही काय करता? देवाजवळ दिवा लावता, मुलांना अभ्यासाला बसवता, कुकर चढवता. गेल्या वर्षी जून महिन्यात मी मात्र रोज त्या वेळी पदर खोचून, हातात तुराटी घेऊन परसातल्या कडुनिंबाभोवती गोल गोल धावत होते. माझ्यामागे धाकटी लेक, तिच्यामागे शेजारची दोन पोरे, आणि कुंपणापलीकडे माझ्याच वर्गातल्या मुली. ‘बाई, ती पाहा, ती तिकडे गेली!’ सकाळी ज्यांना मी ऱ्हस्व-दीर्घाचे नियम समजावून सांगते, त्यांनीच संध्याकाळी मला या अवतारात पाहावे, म्हणजे फजितीची कमालच!

झाले होते असे, की आमच्या कोंबड्या खुराड्यात जाईनाशा झाल्या होत्या.

आधी थोडे आमच्याविषयी सांगते. इंझोरी हे आमचे गाव वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात आहे. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. म्हणजे जितके तास शिकवले तितक्यांचे पैसे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. म्हणून चार वर्षांपूर्वी मी गावरान कोंबड्या पाळायला घेतल्या. गावरान कोंबडी काही यंत्रासारखी अंडी देत नाही. वर्षाकाठी साठ-ऐंशी देते, मध्येच खुडूक होऊन बसते. पण उकिरड्यावर, अंगणात चरून ती आपले पोट बरेचसे आपणच भरते, आणि तिच्या अंड्याला गिऱ्हाईक घरी येते. त्या पैशातून लेकीच्या वह्या येतात, माझा जायचायायचा खर्च निघतो, एखाद्या वेळी माहेरी जाताना भाच्यासाठी खेळणे घेता येते. रक्कम मोठी नाही. पण ती खर्च करताना कुणाचे तोंड पाहावे लागत नाही, आणि ज्या बायकांना असे पाहावे लागले आहे त्यांना याची किंमत मी सांगायला नको.

तर अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा असा माझा संसार. आमच्या ‘ह्यां’नी खुराडे बांधून दिले होते: चार बाभळीच्या मेढी, तुराट्यांचा कुड, वर टिनाचा पत्रा, आणि आत बसायला बाभळीच्याच सालीसकट आडव्या फांद्या. तीन वर्षे कोंबड्या संध्याकाळी आपणहून आत जायच्या. मी फक्त दार लावायची. आणि एकाएकी मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी असहकार पुकारला. दारापर्यंत यायच्या, मान वाकडी करून आत पाहायच्या, आणि मागे फिरून कडुनिंबाच्या फांद्यांवर चढायच्या. उडता येत नाही असे आपण म्हणतो खरे, पण गावरान कोंबडीला मनात आले तर ती आठ-दहा फूट सहज वर जाते.

घरात प्रत्येकाचे मत निराळे. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. हे म्हणाले, पत्रा तापतो म्हणून आत जात नाहीत. (यात थोडे तथ्य होते, ते पुढे येईलच.) मोठा मुलगा म्हणाला, झाडावर आहेत तर राहू दे, पक्षीच आहेत ना त्या! मलाही क्षणभर पटले. कोंबडीचा मूळपुरुष लाल रानकोंबडा, आणि तो आजही रात्री झाडावरच बसतो. रात्री उंचावर बसायचे हे कोंबडीच्या रक्तातच आहे. पण रानकोंबड्याला गावातली मोकाट कुत्री ठाऊक नसतात.

पहिली कोंबडी आठवड्याच्या आत गेली. सकाळी झाडाखाली नुसती पिसे. मग मृगाचे पहिले वादळ आले. रात्री अकराच्या सुमारास वारा सुटला, वीज गेली, फांद्या घुसळल्या जाऊ लागल्या, आणि कोंबड्या एकेक करून खाली पडल्या. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. खाली पडलेली कोंबडी जागची हलत नाही, नुसती दबून बसते. आम्ही बॅटरी घेऊन बाहेर येईपर्यंत कुत्र्यांनी चार मारल्या होत्या. खाल्ल्याही नव्हत्या, मारून टाकून दिल्या होत्या. चिखलात बसून लेक रडत होती. तिने त्यातल्या दोघींना नावे ठेवली होती.

यानंतर मी हट्टाला पेटले. राहिलेल्या सहा कोंबड्या आणि कोंबडा, यांना रोज अंधार पडला की झाडावरून काढायचे आणि एकेक आत ढकलायचे. लेकीचे हात लहान, म्हणून ती आत वाकून त्यांना फांदीवर बसवायची. तीन-चार दिवसांत तिच्या हातांवर, मानेवर बारीक लाल पुरळ उठले. रात्रभर खाजवायची. मला वाटले घामोळ्या असतील.

शेजारच्या आजी हा सगळा तमाशा बरेच दिवस ओट्यावरून पाहत होत्या. एका संध्याकाळी त्यांना राहवले नाही. ‘काहून वं बाई, कोंबड्यायच्या मागं रोज धावून राह्यली? कोंबडी येडी नाही. ते आपल्या घरात जात नसन, तं घरात काहीतरी हाय. तिले मारू नको. घर पाह्य.’

घर पाह्य! मी बी. ए. झालेली बाई, आणि तीन आठवड्यांत मी एकदाही खुराड्यात डोके घालून पाहिले नव्हते. पाहिले होते ते फक्त कोंबड्यांकडे, आणि तेही रागाने.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाहिले तर काहीच दिसले नाही. मग पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ‘दिवसा नाही, रात्री पाहा. पांढरे फडके घ्या आणि कोंबड्या बसतात त्या फांदीच्या खालच्या बाजूने फिरवा.’ रात्री दहाला मी जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा घेऊन गेले. फडके फिरवून बाहेर उजेडात आणले, तर त्यावर रक्ताचे बारीक डाग, आणि डागांमध्ये टाचणीच्या डोक्याहून लहान, वळवळणारे लाल किडे! अंगावर काटा आला. लेकीच्या हातावरचे पुरळही यांचेच काम होते.

मैत्रिणींनो, हा किडा नीट ओळखून ठेवा, कारण कोंबड्या खुराड्यात जात नाहीत याचे हे कारण बऱ्याच घरांत असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कोंबडीच्या अंगावर राहणारी ऊ वेगळी. हा किडा दिवसभर अंगावर राहतच नाही. फांदीच्या सालीखाली, लाकडाच्या भेगांत, कुडाच्या सांध्यांत लपून बसतो. उपाशी असला की करडा दिसतो. रात्री कोंबडी बसली की बाहेर येतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो, लाल होतो आणि पुन्हा भेगेत जातो. म्हणून दिवसा कोंबडी उचलून पाहिली तर स्वच्छ! आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याची पैदास फार झपाट्याने होते. आठ-दहा दिवसांत अंड्याचा पुरता किडा होतो. आणि खुराडे नुसते रिकामे ठेवून तो मरत नाही, कित्येक महिने उपाशी राहू शकतो. कोंबडीचा तुरा फिकट पडला, अंडी कमी झाली, अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी मध्येच उठून गेली, तर आधी हे फडके फिरवून पाहावे. रोज रात्री जिथे रक्त शोषले जाते तिथे ती का जाईल? आपणही ढेकणांच्या खाटेवर झोपत नाही.

आता उपाय. आमच्या ‘ह्यां’च्या मनात पहिली गोष्ट आली ती कपाशीवर मारायच्या औषधाची. घरात अर्धी बाटली होती. मी ती हातातून काढून घेतली. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आम्ही विसरलेलो नाही. ते औषध बंद खुराड्यात मारायचे, त्यावर कोंबड्या बसणार, आणि त्यांची अंडी मुलांच्या पोटात जाणार! शेतातले औषध खुराड्यात आणू नका. लागलेच तर पशुवैद्यकीय डॉक्टर सांगतील तेच आणि तेवढेच.

आम्ही केले ते असे. कोंबड्यांना दोन रात्री कोठ्यात डालग्यांखाली ठेवले. सालीच्या सगळ्या फांद्या काढून चुलीत घातल्या. कुडाच्या जुन्या तुराट्याही जाळल्या. मेढींवर, पत्र्याच्या पन्हाळींत, कोपऱ्याकोपऱ्यांत उकळते पाणी ओतले. दिवसभर ऊन खाऊ दिले. मग भेगा शेणमातीने लिंपून घट्ट चुन्याचा हात दिला. आणि हे सगळे, म्हणजे उकळते पाणी आणि चुना, आठ दिवसांनी पुन्हा केले. इथेच बहुतेकजणी चुकतात. पहिल्या वेळी किडे मरतात, पण लपलेली अंडी राहतात. ती फुटून नवी पिढी निघते. दुसरा हात चुकवला तर पहिल्याचा काही उपयोग नाही. अंगणाच्या कोपऱ्यात चुलीची चाळलेली राख आणि बारीक माती मिसळून एक खळगा करून दिला. त्यात कोंबड्या लोळतात, पिसे फुलवून अंग घासतात आणि अंगावरच्या उवा घालवतात. हे मात्र त्यांचे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

घर नव्याने बांधायचेच होते, तेव्हा म्हटले आता कोंबडीला विचारून बांधू. म्हणजे तिला काय हवे असते ते आधी समजून घेऊ.

तिला हवी असते बसायला दांडी, आणि तीही सोललेली. आता आमच्याकडे दोन इंच रुंदीच्या, रंधा मारलेल्या, कडा गोल केलेल्या पट्ट्या आहेत. कोंबडी बसते तेव्हा पोटाखाली पाय घेऊन बसते. पट्टी जरा रुंद असली की बोटे पिसांखाली झाकली जातात आणि थंडीत गारठत नाहीत. गोल लोखंडी नळी घालू नका, उन्हाळ्यात चटका आणि हिवाळ्यात गारठा. दर कोंबडीमागे एक वीत जागा धरावी, आणि दोन दांड्यांत हातभर अंतर. दांड्या खिळ्याने ठोकलेल्या नाहीत, खाचेत नुसत्या ठेवल्या आहेत, म्हणजे महिन्याला काढून उन्हात टाकता येतात.

दांड्या सगळ्या एका उंचीवर ठेवाव्यात. शिडीसारख्या चढत्या लावल्या की सगळ्यांत वरच्या दांडीसाठी रोज भांडण. नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एबे या गृहस्थांनी लहानपणापासून घरच्या कोंबड्यांवर पाळत ठेवली आणि १९२२ साली जगाला सांगितले, की कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचे याची ठरलेली उतरंड असते. वरची खालचीला टोचते, ती तिच्याखालचीला. (एकत्र कुटुंबात नांदलेल्या कुठल्याही बाईने हे त्यांना फुकट सांगितले असते!) उतरंडीत तळाशी असलेली कोंबडी मार चुकवायला बाहेर राहते. ‘ही एकटीच का आत येत नाही?’ असे वाटले तर तिच्या वाट्याला जागा आहे का ते पाहा.

उंची मात्र कोंबडीप्रमाणे. गावरान कोंबडी हलकी, तिला तीन-चार फूट उंच आवडते. गिरिराज, वनराज या जातीच्या कोंबड्या वजनदार. त्यांना फूट-दीड फूट पुरे, नाहीतर सकाळी वरून उडी मारताना पायाला इजा होते, तळवा सुजतो. आणि अंडी घालायची टोपली नेहमी दांडीपेक्षा खाली ठेवावी. कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागा शोधते. टोपली उंच असली तर ती टोपलीतच झोपेल आणि सकाळी अंडे विष्ठेने माखलेले मिळेल.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत उशिरा कळली, पण कामाला आली सगळ्यांत जास्त. कोंबडी संध्याकाळी अंधाऱ्या भोकात शिरत नाही. बाहेर अजून उजेड आणि आत काळोख असेल, तर ती दारातून आत पाहून मागे फिरते. आमच्या जुन्या खुराड्याचे तोंड पूर्वेला होते आणि तिन्ही बाजू बंद. आता पश्चिमेला हातभर जाळीची खिडकी ठेवली आहे, त्यामुळे मावळतीचा शेवटचा उजेड थेट दांडीवर पडतो. पावसाळ्यात आभाळ भरले की मी आत एक छोटा दिवा अर्धा तास लावते. पण सगळ्या दांडीवर बसल्याशिवाय तो मालवत नाही. मध्येच अंधार केला तर ज्या जमिनीवर असतील त्या तिथेच बसून राहतात. आणि हे सगळे घड्याळावर नाही, सूर्यावर चालते बरं का. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पावणेसहालाच. कोंबड्या त्याच्या अर्धा तास आधीपासून घराकडे वळतात. तुमची मालिका सात वाजता असली तरी कोंबडी थांबत नाही.

तुराटी मी टाकून दिली. त्याऐवजी त्या अर्ध्या तासात हातात मूठभर ज्वारी. ‘ती-ती-ती’ अशी हाक, आणि ज्वारी खुराड्याच्या आत टाकायची, बाहेर नाही. संध्याकाळचे दाणे फक्त तिथेच मिळतात हे त्यांना चार दिवसांत कळते. मागे धावलेली कोंबडी खुराड्याला घाबरायला शिकते, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

आमच्या जुन्या सहा जणी आणि कोंबडा यांना झाडाची सवय लागली होती, म्हणून पहिले सात दिवस त्यांना बाहेरच सोडले नाही. दाणापाणी आत. कारंज्याच्या बाजारातून आणलेल्या चार तलंगांनाही नंतर असेच केले. नवीन कोंबडी आणून दुसऱ्याच दिवशी मोकळी सोडली, तर संध्याकाळी तिने कुठे यावे? तिचे घर ते तिच्या लेखी अजून बाजारातल्या पाटीतच आहे. आठवडाभर एका जागी झोपून उठली की ती जागा घर होते. रात्री आत जाऊन जी जमिनीवर बसली असेल तिला उचलून दांडीवर ठेवायचे. अंधारात ती निमूट बसते, सकाळी तिथेच जागी होते. दोन-तीन रात्री ठेवावे लागते, मग आपण चढते. मुलाबाळांचे आणि कोंबड्यांचे यात फारसे वेगळे नाही.

उन्हाळ्याचे राहिलेच. टिनाच्या पत्र्याखाली मे महिन्यात रात्री आठलाही भट्टी असते. हे म्हणत होते ते खोटे नव्हते. आता पत्र्यावर पऱ्हाट्यांचा आणि कडब्याचा जाड थर आहे, आणि पत्रा व भिंत यांच्यात चार बोटे फट, तिला बारीक जाळी. ही फट हिवाळ्यातही बंद करू नका. दारे-खिडक्या गोणपाटाने चोंदून टाकल्या की आत विष्ठेची झणझणीत वाफ कोंडते. सकाळी दार उघडून डोके आत घाला. तुमच्या डोळ्यांना झोंबले तर त्यांच्याही झोंबते. वारा अंगावर नको, डोक्यावरून जाऊ द्यावा. खाली राख किंवा तणस पसरावे आणि आठवड्याला काढावे. तेच कुजवून माझ्या वांग्याच्या वाफ्यात जाते.

रात्री कोण येते, याविषयीही आपल्या बऱ्याच चुकीच्या समजुती असतात. काही झाले की आपण म्हणतो, मुंगसाने नेली. मुंगूस दिवसाचा प्राणी आहे. तो येतो तो सकाळी लवकर किंवा कोंबड्या चरत असताना. रात्रीचे पाहुणे वेगळे: मोकाट कुत्री, रानमांजर, उदमांजर, शेताकडच्या घरांना कोल्हा, लहान पिलांना घूस. कुत्री पुष्कळ मारतात आणि टाकून जातात. रानमांजर बहुधा एक उचलून नेते. उदमांजर झाडावर आणि छपरावर सहज चढते, म्हणून झाडावरची कोंबडी सुरक्षित नाही. अंडी टरफलासकट नाहीशी झाली तर साप आला असे समजावे.

म्हणून जाळी घ्याल ती कोंबड्यांची म्हणून मिळणारी पातळ षट्कोनी जाळी नको. ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, दातांनी तुटते. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश जाळी महाग पडते, पण एकदाच पडते. जमिनीत उकरून येणाऱ्यांसाठी भिंतीच्या कडेने बाहेरून हातभर रुंद फरश्या किंवा दगड बसवावेत. दाराला नुसता आकडा नको, कडी आणि तीत अडकवायला खिट्टी हवी. कुत्र्याच्या नाकाने आकडा उडतो, आम्ही पाहिले आहे. रागाच्या भरात विषाचे अन्न मात्र ठेवू नका. रानमांजर, मुंगूस हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहेत, आणि ते विष खाईल कोण, तर बहुधा आपलाच कुत्रा किंवा शेजारच्याचे वासरू.

सापाचे एक सांगते आणि हा विषय सोडते. अंधारात खुराड्यात हात घालून अंडी चाचपू नका, आणि मुलांना तर मुळीच पाठवू नका. ‘जा गं, पाहून ये अंडं घातलं का’, असे आपण कितीदा म्हणतो! अंड्यांसाठी आणि अंड्यांच्या वासाने येणाऱ्या उंदरांसाठी नाग येतो. आता आमच्या टोपल्यांच्या मागच्या बाजूला बाहेरून उघडणारी फळी आहे. दिवसा उजेडी ती उघडायची, आधी पाहायचे, मग हात. संध्याकाळी एकही अंडे आत राहू द्यायचे नाही. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी घालतात, म्हणून मी त्यांना नऊ-साडेनवापर्यंत सोडत नाही. त्यामुळे अंडी कुंपणात, गवताच्या गंजीत शोधत फिरावे लागत नाही.

पिलांची आई दांडीवर बसत नाही. ती पिले पोटाखाली घेऊन जमिनीवरच बसते, आणि पिले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत असेच चालते. तिला मोठ्या डालग्याखाली खुराड्याच्या आतच निराळी ठेवावी. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही हे खरे, पण झाकलेल्या डालग्यावर दगड ठेवला नसेल तर त्या कोंबडीच्या वाट्याला ते उजाडणे येईलच असे नाही!

काहीजणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, आम्ही रात्री कोंबड्या स्वयंपाकघरातच कोंडतो. पूर्वी सगळेच कोंडत. पण आता तसे करू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा ते आम्हाला फार लांबचे वाटले होते. २०२५ साली तो आमच्या शेजारच्या कारंजा तालुक्यात, खेर्डा इथे निघाला. मुले झोपतात त्या खोलीत कोंबड्या नकोत. एकाएकी दोन-चार मेल्या तर त्या कापू नका, उकिरड्यावर फेकू नका, दवाखान्यात कळवा. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस मात्र चुकवू नका. त्यासाठी दिवसा कोंबड्यांमागे धावण्यात अर्थ नाही. रात्री दांडीवरून एकेक अलगद उचलावी. पकडताना आरडाओरडा होत नाही आणि एकही सुटत नाही. मी डॉक्टरांना संध्याकाळचीच वेळ मागून घेतली.

लेकीचे पुरळ आठ दिवसांत गेले. खुराड्यात आता चौदाजणी आणि तो एक कोंबडा आहे. रोज दार लावण्याआधी बॅटरीच्या उजेडात मोजणी होते, आणि मोजायचे काम तिचे. मोजून झाले की वहीत आकडा लिहिते. तिच्या वडिलांनी हिशेबाची जुनी वही दिली आहे. बहुतेक दिवशी आकडा चौदाचा नसतो, तेराचाच असतो. कारण ती एक कबरी कोंबडी, वादळातून वाचलेली, अजूनही रोज संध्याकाळी खुराड्याच्या पत्र्यावर कडब्यात जाऊन बसते आणि कुणीतरी उचलून आत ठेवण्याची वाट पाहते. शेजारच्या आजी ओट्यावरून म्हणतात, ‘तिले लाड पाह्यजे वं.’ मग मी स्टूल घेते, तिला काढते, कडेवर घेऊन आत जाते आणि दांडीच्या टोकाला, कोंबड्याच्या शेजारी बसवते. लेक तेराच्या जागी चौदा करते, आणि आम्ही कडी घालतो.